पंखा कोण पुसतो?

परभणीहून पूर्णेकडे निघालं की पिंगळी स्टेशन लागतं. या पट्ट्यातला शेतकरी पाण्याची मोटार घेताना दुकानात तीन गोष्टी विचारतो. किती एचपीची? एक फेज गेली तर काय? जळाली तर भरून कुठं मिळेल? तिसऱ्याचं उत्तर आल्याशिवाय खिशातून पैसे निघत नाहीत.

मग बिटकॉइन काढणाऱ्या यंत्रात पैसे घालताना हा तिसरा प्रश्न कुठं गेला?

गेनबिटकॉइन ही योजना आठवतेय ना? तुमचे बिटकॉइन द्या, आम्ही मायनिंगमध्ये, म्हणजे यंत्रानं नवे बिटकॉइन काढण्यात, लावतो, दरमहा १० टक्के घ्या, १८ महिने. ईडीच्या म्हणण्यानुसार २०१७ मधल्या भावानं ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन गोळा झाले. मुख्य आरोपी अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं देशभरात साठ ठिकाणी झडत्या घेतल्या. यादीत पुणे होतं, कोल्हापूर होतं.

आणि शेजारचं नांदेडही होतं.

दर महिन्याला सारखेच १० टक्के. म्हणजे १८ महिने यंत्र एकदाही बंद पडणार नाही, पंखा अडकणार नाही, लाईट जाणार नाही. असं यंत्र मराठवाड्यात कुणी पाहिलंय?

खरं यंत्र कसं असतं ते बघा. अँटमायनर एस-९, २०१६ चं मॉडेल, एकेकाळी जगभर पसरलेलं. आत तीन हॅशबोर्ड, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या चिपांच्या पाट्या, प्रत्येकावर ६३ चिपा, पुढं-मागं दोन पंखे. आवाज एवढा की त्या खोलीत झोपणं अशक्य. कंपनी सांगते, भोवतालची हवा ४० अंशांच्या आत ठेवा.

परभणीच्या मे महिन्याला हे कोण सांगणार?

आता धूळ. उन्हाळ्यात काळ्या रानातली माती उडते, कापसाच्या हंगामात तंतू उडतात, आणि पंखा दोन्ही आत ओढतो. हीटसिंकच्या पात्यांमध्ये त्याचा नमदा बसतो. चिप तापते, यंत्र स्वतःला बंद करून घेतं. ब्लोअर मारून साफ करावं लागतं, तेही पंखा बोटानं धरून. मोकळा सोडला तर हवेच्या झोतानं गरगर फिरतो, उलटी वीज तयार करतो आणि बोर्डाला इजा करतो. म्हणजे साफ करणाऱ्यालाही काम यावं लागतं.

बिघाड तर याहून वाईट. बोर्डवरच्या ६३ चिपा एका साखळीत जोडलेल्या असतात. निरोप पहिलीतून दुसरीत जातो, दुसरीतून तिसरीत. मधली एक मेली की साखळी तुटते आणि कंट्रोल बोर्डाला अख्खा हॅशबोर्डच दिसेनासा होतो. चिप गेली एक, कमाई गेली एक तृतीयांश.

दुरुस्ती करणारा मल्टिमीटर घेऊन एकेका चिपेजवळचा व्होल्टेज मोजत जातो. जिथं आकडा बिघडला तिथं थांबतो. हीटसिंक सोडवायचा, हॉट एअर गननं जुनी चिप उचलायची, सोल्डर साफ करायचं, नवी चिप नेमकी बसवायची, हीटसिंक परत चिकटवायचा. मग बोर्ड टेस्टरवर लावून चिपा मोजायच्या. ६३ आल्या तर सुटलो.

६२ आल्या तर पुन्हा पहिल्यापासून.

हे कसबी काम आहे. ते करणाऱ्याबद्दल मला आदर आहे. पण दर महिन्याला १० टक्के सांगणाऱ्यांच्या बोलण्यात हा माणूस कधी आला का? त्याचा पगार? सुट्या भागांचा खर्च? बंद पडलेल्या दिवसांचा हिशोब? जिथं दुरुस्तीचा खर्चच नाही, तिथं यंत्र तरी होतं का, एवढा एकच प्रश्न पुरेसा होता. तो विचारायला संगणकाची पदवी लागत नव्हती. मोटार भरून घेतलेला कुणीही विचारू शकला असता.

कुणी म्हणेल, फसव्या योजना सोडा, आम्ही खरं यंत्र घरी आणतो. आणा. आधी बिल मांडा.

एस-९ साधारण १,३५० वॅट खातं. दिवसरात्र चाललं तर दिवसाला ३२ युनिट, महिन्याला ९७० च्या आसपास. युनिटला १० रुपये धरले तरी ९,७०० रुपये. पुढचं एस-१९ घ्या, ३,२५० वॅट. महिन्याला २,३४० युनिट, २३,४०० रुपये. त्याच्या पॉवर सप्लायला २०० व्होल्टच्या वरच हवेत. संध्याकाळी गावात २३० पैकी किती उरतात, हे मंदावलेल्या पंख्याखाली बसणाऱ्याला सांगायला नको.

शेतीपंपाची वीज आहे की, असं कुणीतरी हळूच सुचवतं. अजिबात नको. ज्या कामासाठी जोडणी दिली ते सोडून दुसऱ्याला वापरली, तर २००३ च्या वीज कायद्यातलं १२६ वं कलम लागतं. शिवाय भार वाढून डीपी जळाली की अख्ख्या शिवाराचं पाणी बंद.

एकाच्या बिटकॉइनसाठी वीस जणांचा हरभरा का वाळावा?

समजा, बिल भरलं. यंत्र लखलखीत ठेवलं. तरीही एप्रिल २०२४ मध्ये दर ब्लॉकमागचं, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या एका गठ्ठ्यामागचं, बक्षीस ६.२५ बिटकॉइनवरून ३.१२५ वर आलं. साधारण दर चार वर्षांनी असं होतं, ते बिटकॉइनच्या नियमातच लिहिलेलं आहे. यंत्राला काहीही न होता त्याची बिटकॉइनमधली कमाई निम्मी झाली. यावर कुठल्याही मेकॅनिककडे इलाज नाही.

आणि २०२१ मध्ये चीननं मायनिंगवर बंदी घातल्यावर तिथली वापरलेली यंत्रं जगाच्या बाजारात ओतली गेली. स्वस्तात मिळालं म्हणून कुणी तसलं घेतलं, त्यानं चीनमधली धूळही विकत घेतली.

आता कर. २०२२ पासून आभासी चलनाच्या नफ्यावर सरळ ३० टक्के. वजावट फक्त खरेदीच्या किमतीची. मायनिंगसाठी उभारलेल्या यंत्रणेचा खर्च ही खरेदीची किंमत धरली जाणार नाही, हे अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी मार्च २०२२ मध्ये लोकसभेत लेखी सांगितलं. म्हणजे यंत्र तुमचं, दुरुस्ती तुमची, कमाईत मात्र सरकार वाटेकरी. हे मला पटत नाही. चक्कीवाल्याला दगड टाकवून घेतल्याचा खर्च दाखवता येतो, मग यालाच का नाही? चलन बेभरवशाचं आहे म्हणून हिशोबही एकतर्फी ठेवायचा?

मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. परभणी-नांदेडची आयटीआय झालेली पोरं मोबाइलच्या दुकानात बसून हॉट एअर गन सफाईनं चालवतात. जो मोबाइलची चिप बदलतो, तो चार दिवसांत हॅशबोर्डही शिकेल. पण त्यानं ते शिकावं कशाला? सरकारनं शेतात सौर पंप दिले, सोबत पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी दिली. त्या पंपाच्या कंट्रोलरमध्येही बोर्ड आहे, चिपा आहेत, तापणारा हीटसिंक आहे. भर उन्हाळ्यात तो बंद पडला की शेतकरी कंपनीला फोन लावत बसतो आणि माणूस येईपर्यंत ऊस वाळतो.

हमीचं काम तालुक्यातल्या पोरांना शिकवून त्यांच्याकडे द्यायला कंपन्यांना कोण अडवतंय? आणि पाच वर्षं संपल्यावर तो कंट्रोलर उघडणार कोण?