जाता जाता शिवनेरी

जुन्नरला राहणाऱ्या माणसाला दिवाळी संपली की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन येऊ लागतात. आधी तब्येतीची चौकशी होते, मग पाऊस कसा झाला, द्राक्षं कशी आहेत, आणि त्यानंतर मुद्दा. "दादा, आमच्या संघाची एक दिवसाची सहल काढतोय. तुम्ही तिथलेच, तुम्ही असल्यावर गाइड कशाला?" याचा अर्थ माहिती फुकट, चहा आमच्याकडे आणि घरातलं स्वच्छतागृह बसभर माणसांना खुलं. इथल्या शाळेत मी इतिहास शिकवला, हा माझा गुन्हा. निवृत्त झालो तरी शिक्षा चालूच आहे.

तक्रार करायला फारशी जागाही नाही, कारण ही रीत जुनी आहे. शहाजीराजांनी धामधुमीच्या दिवसांत जिजाऊंना शिवनेरीवर ठेवलं ते इथले किल्लेदार विजयराज त्यांचे व्याही होते म्हणून. जुन्नरला आपलं माणूस असलं की खुशाल आपली माणसं त्याच्याकडे पाठवायची, हा पायंडा थेट तिथपासूनचा. फरक इतकाच, की त्या पाहुणचारातून 19 फेब्रुवारी 1630 हा दिवस उगवला. आमच्या पाहुणचारातून आजवर फक्त खरकटी ताटं निघाली.

सहल भिशीमंडळाची असो, ज्येष्ठ नागरिक संघाची असो की दहावीच्या जुन्या वर्गाची, कार्यक्रमपत्रिका एकच. सकाळी सहाला प्रस्थान. जाता जाता राजगुरुनगरला हुतात्मा राजगुरूंचा वाडा. नऊला ओझर, दहाला लेण्याद्री, अकराला शिवनेरी, एकला भोजन, दोनला नाणेघाट, येता येता भीमाशंकर, रात्री आठला घरी. मोबाइलच्या नकाशावर हे सगळं एका वितीत मावतं. प्रत्यक्षात नाणेघाट जुन्नरच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटर, आणि भीमाशंकर दुसऱ्याच डोंगररांगेवर, घोडेगावावरून वळसा घालून. पण 'जाता जाता' हे दोन शब्द घातले की मराठी माणसाला अंतर दिसेनासं होतं.

मागच्या हिवाळ्यात माझ्या चिंचवडच्या आतेभावाचा संघ आला. नऊला यायचे ते साडेदहाला आले. राजगुरूंचा वाडा पाहिलात का, असं विचारलं तर कळलं, की बस बाह्यवळणावरून सुसाट निघून आली आणि त्या वेळी आत गाण्यांच्या भेंड्या चालू होत्या. म्हणजे कार्यक्रम शब्दशः पार पडला. वाडा जाता जाताच झाला.

बसमधून माणसांच्या आधी पिशव्या उतरल्या. सतराव्या शतकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर शिवनेरी पाहून गेला. गडावर हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल इतका शिधा आहे, असं त्याने लिहून ठेवलंय. आमच्या मुलांना हे वाक्य पूर्वी अतिशयोक्ती वाटायचं. त्यांना ही बस दाखवायला हवी होती. दशम्या, धपाटे, चिवडा, दोन तऱ्हेचे लाडू, पथ्याच्या लोकांसाठी वेगळा डबा, आणि एवढं सगळं असून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, "इथे मिसळ कुठे चांगली मिळते?"

ओझरला फार काही घडलं नाही. 1739 मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजीअप्पांनी या देवळाचा कळस सोन्याने मढवला, हे मी सांगत होतो. ऐकणाऱ्या दोघींपैकी एकीने आजचा सोन्याचा भाव दुसरीला सांगितला. तिथून पुढे माझं व्याख्यान त्याच दिशेने गेलं.

लेण्याद्रीला मात्र खटका उडाला. अष्टविनायकांपैकी लेण्यात बसलेला हा एकच गणपती, आणि लेणी पुरातत्त्व खात्याकडे. त्यामुळे पायथ्याशी तिकीटखिडकी आहे. संघाच्या खजिनदारांना सगळे भाऊ म्हणतात. हे भाऊ खिडकीसमोर ठाण मांडून उभे राहिले.

"देवदर्शनाला तिकीट? कुठल्या शास्त्रात आहे?"

"दर्शन फुकटच आहे भाऊ," मी म्हटलं, "तिकीट लेण्यांचं."

"मग आम्ही फक्त देव बघू. लेणी बघणार नाही."

त्यांना समजावता समजावता माझी दमछाक झाली. देव सात नंबरच्या लेण्यात आहे. लेणं न बघता त्याला गाठायचं म्हणजे तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून डोळे मिटून आत जावं लागेल. शेवटी तिकिटं काढली गेली, आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून भाऊंनी वर जाऊन एकूण एक कोठडीत डोकावून पाहिलं. एवढा मोठा मंडप बौद्ध भिक्खूंसाठी डोंगरात कोरला आणि मध्ये एकही खांब ठेवला नाही, हे त्या दिवशी संघातल्या एकाच माणसाच्या लक्षात आलं, तेही तिकिटाच्या रागापोटी. सगळीकडे तिकीट लावा, असं तेव्हापासून माझं मत झालंय.

शिवनेरीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. पायऱ्यांच्या वाटेने वर जाताना एकामागून एक सात दरवाजे लागतात. चढून येणारी फौज दमावी, तिची फाटाफूट व्हावी आणि माथ्यापर्यंत फार थोडे पोचावेत, अशा हिशेबाने ते बांधलेत. बांधणाऱ्यांचं कौतुक असं, की ही रचना आजही चोख काम करते. महादरवाजातच गुडघेवाले बसले. त्यांच्या सोबतीला म्हणून त्यांच्या बायका बसल्या, आणि बायकांच्या सोबतीला लाडूंचा डबा बसला. परवानगी दरवाजापाशी तिघांनी परत फिरायची परवानगी मागितली. हत्ती दरवाजापाशी दोन बहिणींचं कधीचं तरी राहून गेलेलं भांडण निघालं. त्यांची समजूत काढायला चार जण मागे थांबले. शिवाई देवीचं देऊळ वाटेपासून थोडं बाजूला पडतं. ज्या देवीवरून महाराजांचं नाव ठेवलं असं सांगतात तिला भेटायला बसभर माणसांतून पाच जण आले. एकही गोळी न झाडता गडाने स्वारी परतवली.

वर पोचले त्यांनी जन्मस्थानाच्या इमारतीपुढे फोटो काढले. मग गंगा-जमुना टाक्यांचं गार पाणी, बदामी तलाव, पुन्हा फोटो. कडेलोटाकडे जायचं म्हटल्यावर कुणाचेही पाय दुखले नाहीत. त्या टोकाला एवढी लोकप्रियता का, हे मला कधी कळलं नाही. एक आजोबा आपल्या सौंना तिथे उभं करून "अजून थोडी मागे सरक" म्हणत होते तेव्हा मीच मधे पडलो. 1650 च्या सुमारास बंड केलेल्या महादेव कोळ्यांना मोगलांनी जिथे मारलं म्हणतात, तो कोळी चौथरा याच गडावर आहे. तिकडे चला म्हटल्यावर आतेभावाने घड्याळ दाखवलं.

उतरताना एका शहाण्या नातवाने चांगला प्रश्न विचारला. महाराजांनी हा किल्ला परत कधी जिंकला? जिंकला नाही, बाळा. जन्म इथला, पण हा गड त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. मराठ्यांकडे तो आला 1716 मध्ये, शाहू महाराजांच्या काळात. मात्र 1657 मध्ये महाराज रात्री जुन्नर शहरात येऊन गेले, तटाला शिड्या लावून. जाताना दोनशे घोडे आणि तीन लाख होन घेऊन गेले. माझ्या माहितीतली जुन्नरची सर्वांत यशस्वी सहल तीच. वेळेवर आले, कुणाच्या घरी चहा मागितला नाही, आणि वर्गणीपेक्षा जास्त घेऊन परतले.

पत्रिकेत 'ऐतिहासिक बागा' असंही लिहिलं होतं, तेव्हा एका काकूंनी बाग कुठे, असं विचारलं. मी मनापासून फुललो. म्हटलं, चला, गावाच्या पूर्वेला हापूसबागेकडे सौदागर घुमट दाखवतो. नाहीतर नारायणगावजवळ हिवऱ्याला नेतो. डॉ. अलेक्झांडर गिब्सन 1847 मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला, त्याने तिथे औषधी झाडांची बाग सांभाळली होती. काकूंनी विचारलं, "आता तिथे झोपाळे वगैरे?" मी नाही म्हटलं आणि तो विषय तिथेच मिटला. माझा पुतण्या इंग्लंडात असतो. तिकडे नॅशनल ट्रस्ट नावाची संस्था 1895 पासून जुने वाडे आणि बागा सांभाळते. म्हातारीकोतारी माणसं बसने येतात, खुर्च्यांना बांधलेल्या दोरीपलीकडून वाडा बघतात आणि केक खाऊन परततात. तो म्हणतो, केक चांगला असतो. म्हणजे तिकडेही सगळं आपल्यासारखंच.

जेवण आमच्या अंगणात होतं. संघाने पिठलं-भाकरी सांगितली होती, पण आमच्या घरी पाहुण्याला पिठल्यावर बोळवत नाहीत. पहाटेपासून मासवड्यांचा घाट होता. घट्ट शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर हाताने थापायचं, ते निवायच्या आत वर तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसूण यांचं भाजलेलं सारण पसरायचं, फडक्यानेच वळकटी करायची आणि दाबून तिला तीन धारी आकार द्यायचा. बेसन गार झालं की भेगा पडतात, म्हणून बोटं पोळली तरी हात थांबवता येत नाही. वड्या कापल्या की आतलं काळपट सारण दिसतं. मग वरून झणझणीत रस्सा. त्या तासाभरात संघ प्रथमच शांत होता. गुडघेवाल्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. गडावर न चढलेल्यांना जास्त भूक कशी लागते, यावर कुणीतरी अभ्यास करायला हवा.

चार वाजले. आता नाणेघाट शक्य नव्हता, तरी भाऊंसाठी मी तिथल्या सातवाहनांच्या शिलालेखाची गोष्ट सांगितली. राणी नागनिकेच्या त्या लेखात कोणत्या यज्ञाला किती गाई, किती कार्षापण दक्षिणा दिली, ते आकड्यांनिशी दगडात कोरलंय. भाऊंचा चेहरा एकदम उजळला. दोन हजार वर्षं टिकलेला जमाखर्च त्यांनी प्रथमच ऐकला होता. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकात जमा करत असं सांगतात, हे ऐकल्यावर तर त्यांनी पुढच्या वर्षी फक्त नाणेघाट, असा ठराव मांडला. आतेभावाने त्याला लगेच उपसूचना दिली, "आणि जाता जाता माळशेज."

भीमाशंकर रद्द झालं तेव्हा कुणीतरी म्हणालं, निदान आंबेगाव तरी बघू, एवढा तालुका आहे त्याच्या नावाचा. त्यांना सांगावं लागलं, की तालुक्याला नाव देणारं ते जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलंय आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. यावर क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "म्हणजे गेलो असतो तर बसून राहावं लागलं असतं काठावर." मला वाटतं, दिवसभरात ऐतिहासिक स्थळाविषयी याहून शहाणं कुणी बोललं नाही. काठावर बसून राहणं, हेच आमच्या पत्रिकेत कुठे नव्हतं.

निघताना बसच्या दारातून फर्माईश आली, "दादा, बिबट्या दाखवा ना!" आमच्याकडे संध्याकाळी उसाच्या कडेने जाणारा माणूस काठी घेऊन, मोबाइलवर गाणी लावून जातो, आणि अंगणात खेळणारी पोरं दिवेलागणीच्या आत घरात घेतो. हे सांगितल्यावर खिडक्या लागल्या.

शिवनेरीचं नाव जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. बारा किल्ले एकदम आले आणि त्यात आमचा. आनंदच आहे. पण तेव्हापासून फोन वाढले आहेत आणि पत्रिका अजून तीच आहे. म्हणून हात जोडून विनंती. येणार असाल तर एकच ठिकाण ठरवा. शिवनेरी म्हणाल तर सकाळी सातला पायथ्याशी या, पाणी बरोबर घ्या, कोळी चौथऱ्याला वेळ ठेवा. अत्तर लावून येऊ नका. गडावर आग्या मोहळं आहेत आणि ती चिडली तर किल्लेदाराच्या नात्यातले कोण आणि परके कोण, हे बघत नाहीत. आणि जेवायला किती माणसं आहेत, ते आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा. मासवडीचं सारण ऐनवेळी वाढवता येत नाही.