भाची दिवे लावते

मराठी माणूस नाटकवेडा असतो, हे मराठी माणूसच इतक्यांदा सांगतो की ते खरं असावं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, तेव्हापासून हे वेड आपल्या रक्तात आहे. फक्त ते शेजारच्या मुलाच्या रक्तात जास्त असावं, एवढीच आपली अपेक्षा. आपला मुलगा सायन्सला, शेजाऱ्याचा नाटकात आणि त्याच्या प्रयोगाचे पास आपल्याला, अशी ही मराठी रंगभूमीची आदर्श व्यवस्था आहे.

माझे भावजी इंग्लंडात रेडिंगला असतात. तिथल्या मंडळाच्या गणेशोत्सवात ते दरवर्षी एकांकिकेत काम करतात. भूमिका कायम इन्स्पेक्टरची, कारण तसा कोट त्यांच्याकडेच आहे. बाथरूममध्ये नाट्यपदं, गाडीत नाट्यपदं. असा हा माणूस. त्यांच्या मुलीने ए-लेव्हलला गणित, फिजिक्स आणि तिसरा विषय ‘ड्रामा अँड थिएटर’ घेतला, तेव्हा त्यांनी मला पुण्याला फोन केला. आवाज ऐकून मला वाटलं, घरात कुणीतरी गेलं.

तिकडे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत बहुतेक मुलं तीनच विषय घेतात. त्यातला एक नाटक, म्हणजे तेहतीस टक्के आयुष्य वाया, असा भावजींचा हिशेब.

“अहो भावजी, पण तुम्ही स्वतः...”

“नाटकाला माझा विरोध नाही. नाटक करावं. शिकू नये.”

मग त्यांना कळलं की विषयाला तीन तासांचा लेखी पेपर आहे आणि त्याला चाळीस टक्के वजन आहे. तेव्हा ते जरा सावरले. लेखी परीक्षा असलेली कुठलीही गोष्ट आपल्याकडे अगदीच वाईट मानत नाहीत. पण त्या पेपरला नाटकाची संहिता जवळ ठेवून लिहायची मुभा आहे, हे कळल्यावर पुन्हा ढासळले. “पुस्तक उघडून परीक्षा? मग पाठ काय करायचं?” या प्रश्नावर भाची म्हणाली, “बाबा, वाक्य पुस्तकात आहे. ते म्हणताना कुठे उभं राहायचं, कुणाकडे बघायचं आणि उजेड कुठून यायचा, ते पुस्तकात नाही.” भावजी तीस वर्षं इन्स्पेक्टर करताहेत. कुणाकडे बघायचं हा प्रश्न त्यांना कधी पडलेला नाही. ते प्रॉम्प्टरकडे बघतात.

उरलेले साठ टक्के प्रात्यक्षिकाचे. त्यात एक भाग असा, की चार-पाच मुलांनी मिळून संहितेशिवाय नवं नाटक घडवायचं, तेही कुठल्या तरी नामवंत रंगकर्मीची पद्धत अंगीकारून, आणि रोज काय केलं त्याची वही ठेवायची. “आमच्या मंडळात दरवर्षी असंच होतं,” भावजी म्हणाले, “कारण पाठांतर कुणी करतच नाही.” मात्र वहीची कल्पना त्यांनाही नवी होती. मराठी हौशी रंगभूमीवर तालमीची नोंद असते ती फक्त चहाच्या उधारीची.

पण भावजींचा खरा जीव भांड्यात पडला तो पुढच्या नियमाने. या विषयात प्रत्येकाने अभिनयच केला पाहिजे असं नाही. प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, वेशभूषा यांपैकी काही घेऊनही परीक्षा देता येते. भाचीने प्रकाशयोजना घेतली. झालं! भावजींनी दुसऱ्या दिवसापासून सगळ्या नातेवाइकांना सांगायला सुरुवात केली, की तो विषय म्हणजे खरं तर इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच आहे, नाव तेवढं वेगळं ठेवलंय.

आमच्या आत्याने फोनवर विचारलं, “तुझं काम कुठलं गं नाटकात?”

“मी दिवे लावते,” भाची तिच्या साध्यासरळ मराठीत म्हणाली.

आत्या गप्प. आमच्या घरात आजवर बहुतेकांनी दिवेच लावलेत, पण त्याचे मार्क मिळणारी ही पहिलीच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे आपल्या भर पावसात, भाची पुण्याला आली ती वहीसकट. अभ्यासाला ‘अँटिगनी’ होतं. सॉफोक्लीसचं, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं. राजाने मनाई केलेली असताना एक मुलगी मेलेल्या भावाला माती देते आणि राजा तिला जिवंतपणी कोंडतो. माझ्या आईने गोष्ट ऐकून घेतली आणि विचारलं, “हा राजा तिचा कोण?”

“मामा.”

क्रेऑन हा अँटिगनीच्या आईचा सख्खा भाऊ, हे खरं आहे. तेव्हापासून घरात माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतात. खिडकीचा कडीकोयंडा दुरुस्त करायला मी उभा राहिलो तरी आई विचारते, “कुणाला कोंडतोयस?”

भाचीने मग आजीलाच शिकवायला घेतलं. पहिला धडा रंगकर्मी स्तानिस्लावस्कीचा. प्रत्येक पात्राला त्या प्रसंगात काहीतरी हवं असतं, वाटेत अडथळा असतो आणि पात्र तो ओलांडायला निरनिराळे उपाय करतं. आई म्हणाली, चल मंडईत. भाजीवालीपुढे तिने मेथीच्या जुडीकडे पाहिलंच नाही. आधी भेंडी मोडून बघितली, तोंड वाकडं केलं, पावसाला नावं ठेवली, भाजीवालीच्या सुनेची चौकशी केली. मग पिशवी उचलून चार पावलं गेली. “ओ आजी, या इकडं!” अशी हाक आल्यावर पाचवं पाऊल टाकलं आणि मगच वळली. मेथी तिच्या भावात आणि वर कोथिंबीर फुकट. भाची वहीत भराभरा लिहीत होती. पाचवं पाऊल का, असं तिने घरी विचारलं. आई म्हणाली, “हाकेला लगेच वळलं की गरज दिसते.” मी आजवर अभिनयावर जी व्याख्यानं ऐकली, त्यात इतकं उपयोगी वाक्य एकही नव्हतं.

दुसरा धडा नाटककार ब्रेख्तचा. प्रेक्षकाने गोष्टीत वाहून जाऊ नये, त्याने विचार करावा, म्हणून नटाने मध्येच थांबायचं, गोष्टीबाहेर यायचं, थेट प्रेक्षकांशी बोलायचं. आई म्हणाली, “एवढंच? आमचे कीर्तनकारबुवा आख्यान ऐन रंगात आल्यावर थांबायचे आणि मागच्या बायकांना म्हणायचे, कुकरच्या शिट्ट्या घरी मोजा. सगळ्या शुद्धीवर.” यावर मीही मामेपण दाखवायला तमाशातला सोंगाड्या पुढे केला. तोही कथेत असतो आणि कथेबाहेर उभा राहून राजाची टिंगलही करतो. शिवाय ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून पु. लं.नी 1978 मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, हेही सांगितलं. मग मला थांबवणं अवघड होतं. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ब्राह्मणांची रांग हाच पडदा कसा होतो, माणसांचीच भिंत कशी उभी राहते आणि मोडते, हे मी दिवाणखान्यात एकट्याने करून दाखवलं. एकट्याची रांग होत नाही, त्यामुळे परिणाम थोडा कमी झाला.

“हे तर फिजिकल थिएटर!” भाची उडालीच. “कधीचं?”

“1972.”

“तू पाहिलंस?”

“तेव्हा माझा जन्म व्हायचा होता.” नाटकाच्या बाबतीत मराठी माणूस साक्षीदार म्हणून उभा राहतो तो असाच.

तिच्या लेखी पेपरात प्रत्यक्ष पाहिलेल्या प्रयोगावर लिहायचाही एक प्रश्न असतो. मग सराव म्हणून तिला मराठी नाटकाला नेलं. तिसरी घंटा झाली, मोबाइल बंद ठेवण्याची विनंती झाली, ती ऐकून लोकांनी मोबाइल काढले आणि तपासून पुन्हा चालूच ठेवले. पहिल्या अंकात नायकाने रिसीव्हर उचलला, “हॅलो” म्हणाला आणि मग फोन वाजला. थिएटरभर खसखस. नायक रिसीव्हरकडे बघत शांतपणे म्हणाला, “दुसरा पण येतोय वाटतं.” टाळ्या पडल्या. मध्यंतरात बटाटेवडे खाताना मी हळूच तिच्या वहीत डोकावलो. तिने लिहिलं होतं, ‘ध्वनिसंकेत उशिरा. नटाने चूक लपवली नाही, प्रेक्षकांत वाटून टाकली. निळ्या प्रकाशातून पिवळ्यात जाताना झटका बसला, डिमर सावकाश हवा होता.’ आणि खाली, ‘प्रेक्षकांचा प्रतिसाद: शेजारी डोळे मिटून, तोंड उघडं. संवाद सुरू असताना झोप, ब्लॅकआउटला जाग.’

तो शेजारी मी. डोळे मिटून ऐकत होतो, हे सांगितलं तर म्हणाली, “तोंड उघडं ठेवून?”

या मुलीला एक गोष्ट मात्र खरंच कळली आहे, आणि ती आमच्या भावजींना कित्येक गणेशोत्सवांत कळलेली नाही. रंगमंचावर दुसरा बोलत असताना आपण काय करतो, याच्याकडेही बघणारा असतो. भावजी दुसऱ्याच्या वाक्याला कोटाची बटणं मोजतात. यंदा तालमीला तिने त्यांना खुर्चीवर बसवून नुसतं ऐकायला लावलं. मंडळाच्या दिव्यांची जबाबदारीही आता तिच्याकडे आहे, आणि इन्स्पेक्टरच्या एंट्रीला नेमका किती उजेड द्यायचा हे तीच ठरवणार आहे. भावजी हल्ली तिच्याशी फार सौम्यपणे बोलतात.

तेव्हा तुमच्या घरातलं कुणी अकरावीच्या वयात नाटक शिकायचं म्हणालं, तर शिकू द्या. फक्त त्याच्या हातात वही असेल तेव्हा समोर बसून झोपू नका, आणि भाजीवालीने हाक मारली तर पाचवं पाऊल टाकायला विसरू नका.