आठ वॅटचा संसार

आमच्या राजारामपुरीतल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं आडनाव दारावरच्या पाटीवर ठळक अक्षरात आहे, पण ते कुणी वाचत नाही. गॅसवाल्यापासून कुरिअरच्या पोरापर्यंत सगळे त्यांना भोंगेकाका म्हणतात. त्यातलं ‘काका’ त्यांना चालतं, ‘भोंगे’ चालत नाही. “भोंगा गिरणीचा. माझा तो कर्णा,” असं ते दुरुस्त करतात, पण इतक्या हळू, की समोरच्याला शेवटचा शब्द तेवढा अर्धामुर्धा ऐकू येतो आणि तो आदराने विचारतो, “महाभारतातला का?”

हळू बोलणं हे काकांचं मूळ. बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, पण साहेबावर किंवा शिपायावर आवाज चढवला नाही. भाजीवालीशी घासाघीससुद्धा ते पुटपुटत करतात. ती बिचारी ऐकू न आल्यामुळे कंटाळून दोन रुपये कमी करते. अशा माणसाच्या दिवाणखान्यात कपाटाएवढे दोन कर्णे आहेत, हे प्रथम येणाऱ्याला पटत नाही. आणि ते कर्णे आठ वॅटच्या अँप्लिफायरवर चालतात, हे तर कुणालाच पटत नाही. आमच्या तालमीच्या पोरांचा गणपतीतला हिशेब हजारांत असतो. त्यांतला एकजण मागे विचारायला आला होता, “काका, मिरवणुकीला देता काय तुमची डॉल्बी?” काकांनी त्याला आत बसवलं, पाणी दिलं आणि आपल्याकडे आठ वॅट असल्याचं सांगितलं. पोरगा पाणी न पिताच उठला. जिन्यात मला म्हणाला, “काकास्नी बरं नाही वाटतं.”

कर्णा म्हणजे काय, हे काका कालव्यावरून समजावतात. अरुंद चारीतलं पाणी एकदम रुंद पात्रात सोडलं की उसळतं, भोवरे होतात, जोर तिथंच मरतो. तेच पात्र हळूहळू रुंद करत नेलं की पाणी गुमान पुढं जातं. स्पीकरचा पडदाही तसाच; एकदम मोकळ्या हवेत ढकलला की हवा त्याला दाद देत नाही, बहुतेक ताकद उष्णता होऊन जाते. मधे बेताबेतानं रुंदावत जाणारा कर्णा घातला, की तोच पडदा सगळ्या खोलीची हवा हलवतो. साध्या स्पीकरला जिथं पन्नास वॅट लागतात तिथं चांगल्या कर्ण्याला एक पुरतो. हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते मी फक्त बिनव्याजी हप्त्यावर फ्रिज मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलंय. कारण काका मुळात काटकसरीचे. सरलेल्या साबणाची चिपटी नव्या साबणाला चिकटवणारं घर ते. वॅट वाया घालवणं आणि ताटात भात टाकणं ही त्यांच्या लेखी एकाच जातीची पापं.

या काटकसरीपायी आजवर किती पैसे गेले, तो हिशेब काकूंनी एकदाच मांडला. वहीचं ते पान काकांनी जपून ठेवलंय, कारण पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी क्रॉसओव्हरचं सर्किट काढलंय.

अँप्लिफायरची तऱ्हा आणखी निराळी. ३००बी नावाच्या काचेच्या व्हॉल्व्हचा तो; हा व्हॉल्व्ह अमेरिकेत १९३०च्या दशकात निघाला. अँप्लिफायर भिंतीतून दीडेकशे वॅट ओढतो आणि बाहेर आठ देतो. मग काटकसर कुठं राहिली, असं मी एकदा विचारलं. काका माझ्याकडे, कालव्यात शेळी पडल्यावर बघावं तसं, हताशपणे बघत राहिले. उरलेल्या वॅटांची गरमी मात्र वाया जात नाही. थंडीत काकू विरजणाचं पातेलं त्याच्या शेजारी ठेवतात. “दही घट्ट लागतं,” एवढंच चांगलं त्या या छंदाबद्दल बोलल्याचं माझ्या ऐकण्यात आहे.

काकांच्या मते कर्णा ही कोल्हापूरची वडिलोपार्जित इस्टेट. १९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि चित्रपट बोलू लागला. दुसऱ्याच वर्षी ‘प्रभात’ने इथं, कोल्हापुरात, ‘अयोध्येचा राजा’ काढला. त्या काळी अँप्लिफायरमधून निघायचे मोजके वॅट आणि थिएटरात माणसं हजार. मग पडद्यामागे कर्णे बसवल्याशिवाय राजाचा आवाज पिटातल्या माणसापर्यंत जाणार कसा? पुढं वॅट स्वस्त झाले, कर्णे गेले, नंतर टॉकीजही गेल्या. काकांच्या मधल्या पट्टीचे दोन ॲल्युमिनियमचे कर्णे अशाच एका बंद पडलेल्या टॉकीजमधले. भंगारवाल्याने ते किलोवर दिले. काकांनी खरी किंमत सांगितली असती तर त्याने भाव वाढवला असता आणि सांगितली नाही तर त्यांचं मन खात होतं. शेवटी त्यांनी खरी किंमत सांगितली, पण नेहमीच्या आवाजात.

सगळा घोळ आहे तो खर्जाच्या कर्ण्याचा. चाळीस हर्ट्झच्या सुराची लाट साडेआठ मीटर लांब. ती नीट सुटायची तर कर्ण्याचं तोंड पावणेतीन मीटर रुंद हवं. म्हणजे आमच्या जिन्यातून गोदरेजचं कपाट चढवताना ज्या शिव्या दिल्या गेल्या त्या पुरणार नाहीत. यावर तोड काढली पॉल क्लिप्श यांनी. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात होप नावाचं गाव आहे, तिथं १९४६ साली त्यांनी कारखाना घातला. त्यांची युक्ती अशी, की कर्णा घडी घालून खोलीच्या कोपऱ्यात बसवायचा. पुढच्या दोन भिंती आणि जमीन हेच त्याचं तोंड. या क्लिप्शसाहेबांचा फोटो काकांच्या टेबलावर काचेखाली असतो. साहेब कोटाच्या कॉलरच्या आत एक पिवळा बिल्ला लावत आणि समोरचा ध्वनीबद्दल काही फेकू लागला की कॉलर उलटून दाखवत. बिल्ल्यावर छापलेल्या शब्दाचं मराठी ‘थापा’ असं सभ्यपणे करता येईल. याच साहेबांनी पुढं साठच्या दशकात ‘ला स्काला’ नावाचा कर्णा काढला, तो मुळात एका उमेदवाराच्या प्रचारसभांसाठी. ही गोष्ट काका कुणाला सांगत नाहीत. मला ती त्यांच्या पुतण्याकडून कळली.

तर कोपरा. काकांच्या दिवाणखान्याला चार कोपरे. एकात दार उघडतं, दुसऱ्यात बाल्कनी. उरले दोन, आणि त्यातल्या ईशान्येच्या कोपऱ्यात देवघर. काकांच्या आईंचं वय अठ्ठ्याऐंशी. “देव थोडे सरकवले तर...” असं काका म्हणाले, ते आईंना ऐकू आलं नाही, कर्ण्याचं पहिलं खोकं जिन्यावर दिसल्यावर मात्र सगळं समजलं. “देव हलणार नाहीत,” आई म्हणाल्या. काकांनी दोन महिने विचार करून नकाशा बदलला: कर्णा खाली, देवघर वर. आईंनी नाक मुरडलं. मग पहिल्यांदा सुरांची तपासणी झाली. वीस हर्ट्झपासून वर चढत जाणारी ती ऊऽऽ बेचाळीसवर पोचली आणि ताम्हणातली पळी आपोआप किणकिणू लागली. आईंनी हात जोडले. त्या दिवसापासून तो कोपरा पक्का झाला. बेचाळीसला पळी वाजते हा खरं तर दोष, काका तो एका कापसाच्या बोळ्याने घालवू शकतात, पण घालवत नाहीत.

ज्या सुताराने तो घडीचा कर्णा बनवला त्याच्याशी झालेला संवाद मी तिथं बसून ऐकलाय. अठरा मिलिमीटरचा मरीन प्लाय, आतल्या सगळ्या वळणांच्या फळ्या तिरक्या कापलेल्या, आणि बाहेरून बघावं तर नुसतं खोकं.

“काका, ह्यात ठेवायचं काय?”

“आवाज.”

“आन् भाईर काय येनार?”

“आवाजच.”

“मग मधी कपाट कशाला?”

काकांना उत्तर सुचलं नाही. मलाही अजून सुचलेलं नाही. काम मात्र त्या माणसाने असं केलं, की आतल्या सांध्यात पोस्टकार्ड शिरत नाही. बाहेरची सनमायका चिकटवायच्या आधी त्याने आतल्या वळणावर पेन्सिलीने आपलं नाव आणि तारीख घातली. ते आता कुणाला दिसणार नाही.

रविवारी सकाळी मंडळी जमतात. एक दंतवैद्य, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, एक वायरमन आणि शेजारी म्हणून मी. खुर्ची एकच. बाकीचे उभे. पंख्याच्या हुकातून गवंड्याचा ओळंबा सोडलेला असतो. त्याचं टोक नाकासमोर आलं पाहिजे, तरच दोन्ही कर्ण्यांचा आवाज कपाळाच्या मधोमध मिळतो. मिळाला की काका ओळंबा उचलून हुकाला गुंडाळतात आणि रेकॉर्ड लावतात. बहुतेक केसरबाई. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, म्हणजे त्यांच्या शिष्येवर पहिला हक्क कोल्हापूरचा, असा इथला निकाल आहे. केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेला, याचा काकांना अभिमान आहे. हळहळ एवढीच, की तिथं हवा नाही, म्हणजे कर्णा लावून उपयोग नाही.

पण गाणं पाच मिनिटांवर टिकत नाही. दंतवैद्यांना ‘स’ टोचतो. बँकवाल्यांना खर्ज मागून आल्यासारखा वाटतो, आणि तो येतोच, कारण घडीच्या कर्ण्यातून त्याला लांबचा वळसा पडतो. मग वरचा कर्णा मागे सरकवायचा. किती? एक सेंटिमीटर. “आता?” सगळे डोळे मिटतात. “जरा...” “हां, जरा...” या ‘जरा’च्या पुढचा शब्द गेल्या अकरा वर्षांत कुणी उच्चारलेला नाही. नवा कपॅसिटर बसवला तर तो लगेच ऐकायचाही नसतो. लोणच्यासारखा मुरावा लागतो, दोनशे तास. तोवर घरात दिवसभर आकाशवाणीवर शेतकऱ्यांना सल्ला चालू असतो, आणि काकूंना उसावरच्या हुमणीचा बंदोबस्त तोंडपाठ आहे.

वरच्या पट्टीची अडचण नाजूक. बारा हजार हर्ट्झच्या वरचं काकांना आता ऐकू येत नाही. पासष्टीत ते साहजिकच आहे. पण ट्वीटरचा कर्णा वीस हजारांपर्यंत जातो आणि त्याची जुळणी तर करायची आहे. म्हणून तिसऱ्या मजल्यावरचा आठवीतला पोरगा कानासाठी बोलावला जातो. चौदा हजार. “आला काय?” “आला.” सोळा हजार. “आला?” “आला.” दर ‘आला’ला एक चॉकलेट. मागच्या महिन्यात अर्ध्या तपासणीनंतर काकांच्या लक्षात आलं, की ट्वीटरची वायरच जोडलेली नव्हती. पोरग्याने तोवर सात चॉकलेटं खाल्ली होती. काकांनी त्याला काढून टाकलं नाही. “सरावाने सुधारेल,” म्हणाले.

काकांचं खरं वैर आहे ते मधल्या पट्टीतल्या एका दोषाशी. कर्ण्यांवर जगभर हाच आरोप होत आलाय: कुणीतरी तोंडाभोवती दोन्ही हात धरून बोलतंय, असा आवाज येतो. काकांना तो पहिल्याच दिवशी ऐकू आला. पहिला संशय धातूवर. ते कर्ण्यावर कलिंगडाला मारतात तशी टिचकी मारत आणि कान लावून बसत. मग मोटारीच्या बुडाला लावतात तो डांबरी लेप आला. टिचकीचा टणटणाट थांबला, हात राहिले. मग घशात धनगरी घोंगड्याची पट्टी कोंबली. केसरबाईंना सर्दी झाली. पट्टी काढली, निम्मी कापली, परत घातली. लाकडाचा कर्णा करून पाहिला, त्याचा तोंडवळा ट्रॅक्ट्रिक्सचा, म्हणजे हट्टी कुत्र्याला साखळीने ओढत नेलं की ते ज्या वाटेने फरपटत येतं त्या वळणाचा. १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी ते वळण वापरलं. हात कमी झाले. दंतवैद्यांच्या मते एकच उरला. तो एक हात काकांना झोपू देत नाही. रात्री अडीचला उठून ते अंधारात त्या कर्ण्यासमोर उभे असतात, असं काकू सांगतात. वाजवत काही नाहीत. नुसते उभे.

परवाच्या रविवारी मंडळी गेल्यावर मी मागे थांबलो होतो. काकांनी कर्ण्याखाली एक पोस्टकार्ड सरकवलं, काढलं, पुन्हा सरकवलं. स्वयंपाकघरातून मटणाचा वास येत होता. काकूंनी एकदा हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. केसरबाई तानेत होत्या. शेवटी काकू दारात आल्या, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि ओरडल्या, “अहोऽ, जेवायला चलाऽऽ!”

काका गर्रकन वळले. रेकॉर्डवरची सुई उचलली. चष्मा कपाळावर सरकवून ते काकूंसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी त्यांचे दोन्ही हात धरले.

“अंगठे जरा बाहेर घे. करंगळ्या मोकळ्या सोड. एवढे गालाला चिकटवू नकोस. हां... आता परत म्हण बघू.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी ओळंब्याकडे पाहिलं.

“म्हण की.”

“पांढरा रस्सा निवलाय,” काकू त्याच हातांतून म्हणाल्या. “परत तापवला तर फुटंल.”

काकांनी डोळे मिटले होते.

“जरा...” ते म्हणाले, आणि त्यांनी काकूंचा डावा हात अर्धा सेंटिमीटर मागे घेतला.