नवव्या चौकोनातली खाली

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतला सगळ्यात शांत मुलगा कोण, असं विचारलंत तर मी तळमजल्यावरच्या डीजेकडे बोट दाखवीन. केव्हाही डोकवा, हेडफोन लावून पडद्यासमोर बसलेला असतो. हलते ती फक्त मान. आई म्हणते, "अभ्यास चाललाय." ते खोटंही नाही. पण या अभ्यासाला क्लास नाही. ज्या गावात भरतनाट्यमपासून अबॅकसपर्यंत कशाचाही क्लास मिळतो, तिथे आपलं आपण काही शिकणं म्हणजे जवळजवळ बंडच.

श्रीगणेशा झाला शिळफाट्याकडच्या हळदींत, एका साउंडवाल्याच्या वायरी गुंडाळत. नवरदेवाचे मामा खुर्चीत जाऊन टेकले की गाणं बदलायचं, हे तिथे कळलं. एका कानाने चालू गाणं ऐकत, दुसऱ्या कानाने पुढच्याची लय त्याला जुळवायची, हेही तिथेच. आणि रात्री दहाला आवाज बंद करायचा असतो, हे नाचणाऱ्यांना सांगायला कुणीच पुढे होत नाही, हेसुद्धा. मग दुसऱ्यांची गाणी वाजवण्याचा कंटाळा आला आणि स्वतःचं करायची हुक्की आली.

एकदा त्याने मला गाणी बनवायचं बेल्जियमचं सॉफ्टवेअर दाखवलं, एफएल स्टुडिओ. एका ओळीत १६ चौकोन. त्याने पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्यावर टिचकी मारली. धम्, धम्, धम्, धम्.

"हाउस म्युझिकचा पाया एवढाच, काका. मिनिटाला साधारण १२५ ठोके."

मी सरसावून बसलो. मी तबल्याच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत गेलेला माणूस ('पूर्ण' हे फक्त परीक्षेचं नाव). सोळा मात्रा, एक-पाच-नऊ-तेरा. अरे, हा तर आपला त्रिताल!

"पण नवव्यावर धम् कसला वाजवतोस? तिथे टाळी नसते, हात मोकळा सोडायचा. तिथे खाली!"

"तिथे खाली ठेवली तर लोकही खाली बसतात, काका."

हा वाद जुनाच असावा. १९८२मध्ये चरणजित सिंग या मुंबईच्या सिनेवादकाने रोलँडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. कुणी फारसं विचारलं नाही. वीसेक वर्षांनी ती तबकडी एका डच संग्राहकाच्या हाती लागली, २०१०मध्ये पुन्हा निघाली, आणि जगाने तोंडात बोटं घातली: हे तर शिकागोच्या ॲसिड हाउसच्याही आधीचं! २०२४मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' हे मराठी हाउस गाणं आलं, तेही नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून. आपल्या घरात काय वाजतंय ते आपल्याला हॉलंडहून कळतं.

परवा त्याने न बोलता हेडफोन माझ्या कानांवर चढवला. गाणं चढत गेलं, चढत गेलं, आणि अचानक धम् नाहीसा. नुसती झांजेची सळसळ. माझा हात आपोआप उलटा होऊन हवेत गेला. मी मात्रा मोजू लागलो, मांडीवर, मग टाळीवर. तेरा, चौदा, पंधरा, सोळा... आणि समेवर असा काही धम् कोसळला की मी "क्या बात है!" म्हणून ओरडलोच.

"ठेवली ना खाली? फक्त जरा लांबवली," तो म्हणाला असावा, मला ओठ तेवढे दिसले.

स्वयंपाकघरातून त्याची आई धावत आली. "भाऊजी, जरा हळू. टाळ्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातायत."