रक्त न लागणारा कागद

आपल्याकडच्या दहशतवादाच्या खटल्यांत अधूनमधून एक अजब कागद सापडतो. त्याला रक्त लागत नाही.

अक्षरधाम आठवा. २४ सप्टेंबर २००२ ला गांधीनगरच्या मंदिरात दोन हल्लेखोर घुसले, तीसहून अधिक माणसे मारली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कमांडोंच्या हातून मेले. दोघांच्या देहांची गोळ्यांनी चाळण झालेली, कपडे रक्ताने आणि मातीने माखलेले. आणि विजारींच्या खिशांतून निघाली उर्दूत लिहिलेली दोन पत्रे. कोरी करकरीत. ना डाग, ना भोक. ही पत्रे एका मुफ्तींनी लिहिली असे तपासात ठरले, आणि त्या आधारावर ते थेट फाशीच्या कोठडीत गेले. सहा जणांना शिक्षा झाली, त्यांतल्या तिघांना फाशीची. सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडले आणि खटल्याला मंजुरी देताना गृहमंत्र्यांनी डोके वापरलेच नाही, असेही सुनावले. निकालाची तारीख होती १६ मे २०१४. ओळखीची वाटली ना? त्या दिवशी लोकसभेची मतमोजणी होती. सगळे वाहिन्यांसमोर बसले होते आणि वाहिन्यांना दुसरे काम होते.

२६/११ च्या खटल्यातही असाच एक कागद आला. मारल्या गेलेल्या एका अतिरेक्याच्या खिशात हाताने काढलेला मुंबईचा नकाशा मिळाला आणि तो दोन भारतीय आरोपींनी पुरवला, असे पोलिसांचे म्हणणे. बचावाचे वकील शाहीद आझमी यांनी साधा प्रश्न विचारला: विजार रक्ताने भिजली, मग नकाशा कोरडा कसा राहिला? अतिरेक्यांच्या शिंप्याचा पत्ता कोणीतरी काढायला हवा, पावसाळ्यात आपल्याही कामाला येईल.

आझमींना या प्रश्नाचे उत्तर ऐकायला मिळाले नाही. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय जेमतेम बत्तीस. तीन महिन्यांनी न्यायालयाने नकाशाची गोष्ट नाकारली आणि दोन्ही भारतीय आरोपींना त्या खटल्यातून सोडले. सोडणारे न्यायाधीश कोण? एम. एल. ताहलियानी. कसाबला फाशी सुनावणारेही तेच.

इथे जरा थांबा. एकाच निकालात एकाला फाशी आणि दोघांची सुटका. त्यामुळे कसाबची फाशी कुठे कच्ची राहिली का? सर्वोच्च न्यायालयात टिकली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात तो लटकला. त्याला वकील दिला म्हणून केवढा गहजब झाला होता! कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची गोष्ट तर घराघरांत पोहोचली होती. ती बिर्याणी आपणच रचली होती, हे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतःच सांगून टाकले. निकम आता राज्यसभेत राष्ट्रपतिनियुक्त खासदार आहेत. बिर्याणी मात्र अजून लोकांच्या तोंडी आहे.

आता लोकलकडे वळू. ११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत काही मिनिटांत सात स्फोट. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. मृतांचा आकडा १८७ की १८९, यावर अजून आपले एकमत नाही. दहशतवादविरोधी पथकाने तेरा जण पकडले आणि मोक्का लावला. मोक्का का? साध्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. मोक्कात उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला चालतो. म्हणजे कोठडी पोलिसांची, लेखणी पोलिसांची आणि पुरावाही पोलिसांचा. एकाच छपराखाली सगळी सोय.

तेव्हा कबुलीजबाब आले. ढीगभर आले. वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या उपायुक्तांसमोर दिलेले. पुढे उच्च न्यायालयाने ते शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर परिच्छेदच्या परिच्छेद शब्दाला शब्द सारखे. शाळेत अशा उत्तरपत्रिका सापडल्या असत्या तर मास्तरांनी कॉपी करणाऱ्याला आणि कॉपी पुरवणाऱ्याला, दोघांनाही बाहेर काढले असते. इथे विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. तेरावे अब्दुल वाहिद शेख. पेशाने शिक्षक. नऊ वर्षे तुरुंगात काढल्यावर ते सुटले, कायदा शिकले आणि उरलेल्या बारा जणांसाठी लिहीत-बोलत राहिले.

२१ जुलै २०२५ ला न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने त्या बारा जणांनाही सोडले. निकाल वाचताना तपासाची एकेक वीट निखळत जाते. टॅक्सीचालक साक्षीदार शंभरहून अधिक दिवस गप्प बसले आणि मग एकदम त्यांना चेहरे आठवले. ओळख परेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. जप्त माल नीट सीलबंद केलेला नव्हता. बाँब नेमका कोणत्या प्रकारचा होता, हेसुद्धा सरकारी पक्षाला सांगता आले नाही. कोण कुठे होते हे मोबाइलच्या कॉल रेकॉर्डवरून कळले असते, पण ते मिळवायला आरोपींनाच झगडावे लागले.

सुटलेल्या बारांपैकी एक जण निकाल ऐकायला नव्हता. फाशीच्या पाच जणांतला तो एक, २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात करोनाने गेला. मृत्यूनंतर चार वर्षांनी तो निर्दोष ठरला.

एक गंमत राहिलीच. २००८ मध्ये मुंबई पोलिसांच्याच गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीनचे संशयित पकडले आणि लोकलचे स्फोट आपणच केले असे ते सांगतात, असे जाहीर केले. तेव्हा दहशतवादविरोधी पथकाचे आरोपी याच गुन्ह्यासाठी आत बसलेले होते. एक गुन्हा, एक पोलीस दल, कबुल्या दोन. यातली दुसरी तरी खरी होती का? तीही कोठडीतलीच, म्हणून तिच्यावरही पैज लावू नये. पण एका राज्याच्या गृहखात्याला इतकी वर्षे या दोन गोष्टींसह शांत झोप लागते, याचे कौतुक वाटते.

आता शेजारचे काका म्हणतील, "अहो, पुराव्याअभावी सुटले. म्हणजे काहीतरी केलेच असणार."

काका, हाच नियम तुमच्या सोसायटीच्या हिशेबाच्या तक्रारीला लावू या का?

काकांचे एक सोडून द्या, त्यांच्या हातात फक्त रिमोट आहे. ज्यांच्या हातात राज्य आहे त्यांचे पाहा. लोकलच्या निकालाला मुख्यमंत्र्यांनी धक्कादायक म्हटले. दुसऱ्याच दिवशी सरकारने सर्वोच्च न्यायालयात तातडीची सुनावणी मागितली आणि २४ जुलैला स्थगिती मिळाली. न्यायालयाने सुटलेल्यांना पुन्हा आत घातले नाही, निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढेच सांगितले. अपील करणे हा सरकारचा हक्कच आहे आणि तो वापरल्याबद्दल कोणी नाक मुरडू नये. एवढी माणसे मेली, प्रश्न सुटलेला नाही, धावायलाच हवे.

बरोबर दहा दिवसांनी, ३१ जुलैला दुसरा निकाल आला. मालेगाव, २९ सप्टेंबर २००८, भिक्कू चौक, सहा मृत. प्रज्ञासिंह ठाकूर, कर्नल पुरोहित यांच्यासह सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. तीसहून अधिक साक्षीदार उलटले होते. या निकालाचा धक्का कोणाला बसला नाही. दहशतवाद कधी भगवा नव्हता आणि नसेल, असे मुख्यमंत्र्यांनी त्याच दिवशी जाहीर केले. तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेचा, तेव्हा अपिलाचा चेंडू राज्याच्या अंगणात नव्हता, हे मान्य. पण आनंद कोणत्या अंगणात साजरा झाला? उच्च न्यायालयात धावले ते मृतांचे नातेवाईक.

मालेगावचे आरोपी सुटले म्हणून इथे हळहळायचे कारण नाही. पुरावा नसेल तर सोडायचे, भगव्याला आणि हिरव्यालाही. कर्नल पुरोहितांनीही कोठडीत छळ झाल्याचे सांगितले आहे. ते खरे असेल तर छळणाऱ्यांवर खटला भरावा, त्यात काही अवघड नाही. अडचण एवढीच की पुराव्याअभावी सुटलेला एक गट दहा दिवसांत निष्कलंक होतो आणि दुसरा जन्मभर "सुटलेला" राहतो. प्रज्ञासिंहांना २०१७ मध्ये जामीन मिळाला आणि २०१९ मध्ये, खटला चालू असताना, त्या भोपाळच्या खासदार झाल्या. लोकलच्या खटल्यातल्या त्या बारांपैकी जे जगले त्यांनी एकोणीस वर्षांत तुरुंगच पाहिला. दोन्ही खटल्यांत गंभीर कलमे होती, दोन्हींत माणसे मेली होती.

त्याच मालेगावात २००६ मध्येही स्फोट झाले. ८ सप्टेंबर, शुक्रवार, शब-ए-बारात, बडा कब्रस्तान. तीसहून अधिक मृत, जवळजवळ सगळे मुसलमान. पकडले कोण? नऊ मुसलमान. मशिदीतून बाहेर पडणारे आपलेच लोक मारायला शब-ए-बारातचा मुहूर्त काढणारे! त्यांतले दोघे लोकलच्या खटल्यातही होते, म्हणजे पथकाच्या दृष्टीने ही माणसे दोन महिन्यांत मुंबई आणि मालेगाव दोन्ही उरकत होती. पाच वर्षे गेल्यावर जामीन मिळाला, दहा वर्षे होत आली तेव्हा, २०१६ मध्ये, न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेले असे म्हटले. एक जण तोवर अपघातात गेला होता. ज्यांनी बकरे निवडले त्यांना कोणी काही विचारले का? बदल्या झाल्या, बढत्या झाल्या, निवृत्तिवेतन सुरू झाले.

नाशिकचा टाडा खटला तर बहुतेकांनी ऐकलाही नसेल. १९९४ मध्ये पकडलेले अकरा मुसलमान २०१९ मध्ये सुटले. टाडा कायदा १९९५ मध्ये मेला, खटला त्याच्या तेराव्यानंतर आणखी चोवीस वर्षे चालला. गुलबर्ग्याच्या एका फार्मसीच्या विद्यार्थ्याने रेल्वे स्फोटांच्या खटल्यात बावीसहून अधिक वर्षे आत काढली, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडले. परीक्षा राहून गेली.

मृतांचे काय, हा प्रश्न या सगळ्यात हक्काने विचारला जातो आणि विचारायलाच हवा. हैदराबादच्या मक्का मशिदीत १८ मे २००७ ला बाँब कोणी ठेवला? आधी मुसलमान पकडले, ते सुटले. मग हिंदू पकडले, २०१८ मध्ये तेही सुटले. लोकलमध्ये कोणी ठेवले? भिक्कू चौकात कोणी? कायद्याच्या लेखी आज या तिन्ही ठिकाणी बाँब आपोआप आलेले आहेत. चुकीचा माणूस आत गेला की खरा माणूस घरी जातो. किलोर-चांडक खंडपीठाने निकालाच्या सुरुवातीलाच हे सांगितले आहे: प्रकरण सुटल्याचा आभास उभा केला की समाजाला खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकळा फिरत राहतो. पहिल्या वर्गाचा पास काढणाऱ्या प्रत्येकाने एवढा भाग वाचावा. हा विषय आरोपींच्या मोहल्ल्यापुरता आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तर दोनदा वाचावा.

राहिला हिशेब. हैदराबादच्या सुटलेल्या तरुणांना तेव्हाच्या आंध्र सरकारने कोणाला तीन लाख, कोणाला वीस हजार रुपये दिले आणि वर चांगल्या चारित्र्याचे दाखले. सरकारने माफी मागितल्यासारखे करण्याची आपल्याकडची ही दुर्मीळ वेळ. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने भरपाई रद्द केली आणि पैसे वसूल करा म्हणून सांगितले. अक्षरधामच्या सुटलेल्यांनी भरपाई मागितली, तेव्हा असा पायंडा घातक ठरेल म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती नाकारली. डाग नसलेल्या पत्रांवर फाशी देण्याचा पायंडा किती घातक, यावर वेगळी सुनावणी झाली नाही.

विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी स्वतंत्र तरतूद सुचवली. पुढे सरकारने फौजदारी कायदे मुळापासून बदलले, गुलामीच्या खुणा पुसल्याचे सांगितले, नावे बदलली, कलमांचे आकडे बदलले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. आयोगाची ती तरतूद तिच्यात नाही. विनाकारण अटकेच्या भरपाईचे जुने कलम ३५८ तेवढे ३९९ या नव्या आकड्याने आले आहे. रक्कम जुनीच आहे: जास्तीत जास्त एक हजार रुपये. आणि तेही पोलिसांनी द्यायचे नाहीत, अटक करायला लावणाऱ्याने द्यायचे आहेत.