बरोबर आहे तुमचं

तक्रार करायला निघालेला माणूस एकटा नसतो, त्याच्यासोबत त्याचं भाषण असतं. एका हातात पावती, दुसऱ्या हातात बिघडलेली वस्तू आणि ओठांवर घर ते दुकान एवढ्या वाटेत घासूनपुसून लखलखीत केलेली चार वाक्यं. "आम्ही काय फुकट नेलं होतं का?" हे पहिलं. "वीस वर्षं तुमच्याकडून नेतोय" हे दुसरं. त्यातली आठ वर्षं वाटेतच वाढलेली असतात. "मालकांना बोलवा" हे तिसरं. आणि चौथं, "पैशाचा प्रश्न नाही हो." हे म्हणणारा पैसे घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही.

तापीकाठच्या बुऱ्हाणपुराला अशा गाऱ्हाणेकऱ्यांची ओळख जुनी आहे. त्यातला सगळ्यात नामांकित गृहस्थ आला तो नोव्हेंबर १६१५ मध्ये. सर टॉमस रो, इंग्लंडच्या राजाचा वकील. सुरतेच्या अंमलदारांनी त्याच्या माणसांची झडती घेतली, सामान अडवून ठेवलं, म्हणून स्वारी चिडलेली होती. बादशहा जहांगीर अजमेरला होता आणि तिकडे जायची वाट बुऱ्हाणपुरावरून जात होती. इथे दख्खनच्या फौजेवर शहजादा परवेज होता. म्हणून रो आधी त्याच्या दरबारात हजर झाला. जमिनीला डोकं टेकवायला सांगितलं, तर ते त्याने साफ नाकारलं. बसायला खुर्ची मागितली, तर उत्तर आलं की इथे कुणीच बसत नाही. शेवटी साहेबांना छताच्या चांदीने मढवलेल्या खांबाला टेकून उभं राहायची सवलत मिळाली. आपण हल्ली फोन कानाला लावून 'कृपया प्रतीक्षा करें' ऐकत भिंतीला टेकतो. खांब तेवढा चांदीचा नसतो.

पण परवेजने ऐकून घेतलं. इंग्रजांना इथे राहून व्यापार करायची परवानगी हवी होती, ती त्याने तिथल्या तिथे लिहून द्यायला सांगितलं. बाकीचं निवांत बोलू म्हणून आतल्या बैठकीचं आमंत्रणही दिलं. घोटाळा झाला तो नजराण्याने. रोने आणलेल्या भेटींत मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. शहजाद्याने तिचा समाचार इतक्या तत्परतेने घेतला की थोड्या वेळाने एक अधिकारी बाहेर आला आणि पाहुण्यांना म्हणाला, आज नको, पुन्हा कधीतरी या. तक्रार ऐकणाऱ्याला आधी खूश करू नये, हा धडा बुऱ्हाणपुराने इतक्या लवकर देऊन ठेवला आहे.

रोने आपल्या रोजनिशीत आणखी एक मर्म टिपलं: नाव आणि थाट शहजाद्याचा, कारभार मात्र खानखानाचा. हा अब्दुल रहीम खानखाना म्हणजे दोहे लिहिणारा रहीम. या गावच्या पाण्याचं दुखणं त्याने कसं ऐकलं, ते पाहायचं तर कुंडी भंडारा पाहावा. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरायचं, निव्वळ उताराच्या जोरावर गावाकडे आणायचं आणि वर शंभराहून अधिक कुंड्यांची रांग. ना पंप, ना मोट. या कामाचं सालही १६१५ च सांगतात. म्हणजे एकाच साली, एकाच गावात, एक गाऱ्हाणं बाटलीत बुडालं आणि दुसऱ्याला ऐंशी फूट खोल उत्तर मिळालं.

ही गोष्ट कळल्यापासून माझं असं मत झालं आहे की प्रत्येक दुकानात एक शहजादा असतो आणि एक खानखाना. गल्ल्यावर बहुधा शहजादाच भेटतो. "माल तर असाच येतो," "बाकी कुणाची तक्रार नाही," "तुम्ही फ्रिजमध्ये ठेवलं असेल" ही त्याची फर्मानं.

खानखाना मला भेटला तो एका मिठाईवाल्याच्या रूपात. बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी ही नेहमीच्या केशरी जिलेबीची नातेवाईक असली तरी वेगळ्या वळणाची: जाड, काळपट तपकिरी, पाकाने टम्म फुगलेली. खवा चांगला तर ती चांगली. ऐन लग्नसराईत एक काकू डबा घेऊन दुकानात शिरल्या आणि तो काउंटरवर असा आदळला की रांगेतले आम्ही सगळे आपोआप बाजूला झालो.

"रावेरचे व्याही आलेत घरी. त्यांच्यापुढे हे ठेवायचं?"

मालकाने खुलासा केला नाही. डब्यातल्या एका जिलेबीचा तुकडा मोडला, वास घेतला, तोंडात टाकला, सावकाश चावला. सगळं दुकान त्याच्या जबड्याकडे पाहत होतं.

"बरोबर आहे तुमचं, काकू. मावा उतरलाय."

मग मागे वळून कारागिराला म्हणाला, "ये पूरा घाणा उठा लो. बेचना नहीं." परातीतला ढीग आमच्यासमोर आत गेला. काकूंसाठी नव्या खव्याचा घाणा पडला आणि तो तळून होईपर्यंत त्यांना स्टूल मिळालं.

खरी गंमत पुढे. काकूंनी पहिलंच वाक्य वापरलं होतं; उरलेली तीन तशीच शिल्लक. माणूस दार ढकलायला खांदा लावून धावावा आणि दार उघडंच असावं, तशी त्यांची गत झाली. थोडा वेळ त्या गप्प बसल्या आणि मग चक्क दुकानदाराची बाजू घेऊ लागल्या. "चालायचंच हो. या उन्हात दूध तरी किती दम धरणार!" नव्या जिलेबीचे पैसे तो घेईना, त्या दिल्याशिवाय उठेनात. शेवटी दराबा या मिठाईचं एक पाकीट विकत घेऊन त्यांनी समेट केला. संध्याकाळपर्यंत व्याह्यांच्या मार्फत ही कीर्ती रावेरला पोचली असणार.

अशा वेळी कायद्याची आठवणही होत नाही. कायदा आहे, आणि तो असायलाच हवा. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायत उभी केली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला, २०१९ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. शहजादे ऐकत नाहीत तेव्हा हीच वाट. पण ग्राहक आयोगाकडून भरपाईचा हुकूम मिळेल. समोरच्याने आपल्यादेखत तो तुकडा चावून पाहणं, हे कुठल्या कलमात बसवणार? रागावलेल्या माणसाला आधी एवढंच हवं असतं की आपण खोटं बोलत नाही हे कुणीतरी मानावं.

गर्दी ओसरल्यावर मी मालकाला म्हणालो, "परातभर माल गेला की." तो पाकातला झारा निथळवत म्हणाला, "काकू बोलल्या म्हणून कळलं तरी. जे बोलत नाहीत, त्यांचा डबा परत येत नाही आणि तेही येत नाहीत."

हे शहाणपण उद्या सगळ्या बाजाराला सुचलं, तर आपली पंचाईत होईल. रेडिमेड शर्टाचा उसवलेला खांदा, मिक्सरचं जळलेलं भांडं, आंब्याच्या पेटीतला खालचा थर, याच जखमांवर आपली ओट्यावरची अर्धी बैठक रंगते. मात्र घाबरायचं कारण नाही. देशात शहजाद्यांचा तुटवडा इतक्यात पडेलसं दिसत नाही.