वेस्ट पॉइंटचे पूर्ववर्ष : पालकांसाठी निर्णयविधी

अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीकडे अर्ज केलेल्या मुलास होकार अथवा नकार येण्याऐवजी, कोणी मागितले नसताना, तेथीलच पूर्वतयारी विद्यालयात सुमारे दहा महिने काढण्याचे निमंत्रण येते, तेव्हा न्यू जर्सीतील सुखवस्तू मराठी कुटुंबात जो पेचप्रसंग उद्भवतो, त्याच्या निवारणार्थ पुढील विधी सादर आहे.

प्रथम, मुलाचे मत विचारू नये. ज्या अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती पुढे सैनिकांची तुकडी सोपवली जाणार आहे, त्याला स्वतःचे हित ते काय कळणार, हे गृहीत धरून त्याला माडीवर पाठवावे आणि आप्तेष्टांची बैठक भरवावी. बैठकीत एक काका असणे अत्यावश्यक आहे. ‘वर्ष फुकट जाणार’ हा त्यांचा अभिप्राय इतिवृत्तात प्रथम नोंदवून घ्यावा, म्हणजे ते चहा घेण्यास मोकळे होतात. त्यानंतर विद्यालयाचा पूर्वेतिहास वाचावा: स्थापना १९४६, मुक्काम दीर्घकाळ न्यू जर्सीतच, फोर्ट मॉनमथ येथे, २०११ पासून वेस्ट पॉइंटला. निर्णयाशी याचा तिळमात्र संबंध नाही, परंतु दप्तर जाड असल्यावाचून आपल्याकडे कोणत्याही बैठकीस वजन येत नाही.

मग खर्चाची बाब घ्यावी. फी नाही, राहणे-जेवणे सरकारी, वर दरमहा अल्पसा तनखा. येथे काकांचा विरोध किंचित सौम्य होतो. परंतु अभ्यासक्रमाचा भर गणित आणि इंग्रजी यांवर असल्याचे कळताच मातोश्री दुखावतात, कारण गणितात कच्चा ठरलेला मुलगा हा त्यांच्या घराण्यास लागलेला बट्टा असतो. अशा वेळी दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सेनानी जनरल पॅटन यांस साक्षीस बोलवावे. हे गृहस्थ १९०३ साली व्हर्जिनियाच्या लष्करी संस्थेत वर्षभर राहून मग वेस्ट पॉइंटला गेले, तेथे गणितापायी पहिले वर्ष पुन्हा करण्याची पाळी त्यांच्यावर आली, आणि १९०९ मध्ये पदवी घेऊन ते बाहेर पडले. त्यांची पुढील कारकीर्द जर्मनांनी चांगलीच ओळखली.

यानंतरची कलमे मोठ्याने वाचावीत. पूर्ववर्ष पार पडले तरी अकादमीतील प्रवेशासाठी खासदारादिकांचे नामनिर्देशन लागतेच. अकादमीच्या तिसऱ्या वर्षाच्या आरंभी सेवेचे बंधन लागू होते. आणि पदवीनंतर किमान पाच वर्षे प्रत्यक्ष लष्करात काढावी लागतात. या शेवटच्या कलमापाशी बैठक स्तब्ध होते, कारण तोपर्यंत प्रतिष्ठा, फी आणि गणित यांची चर्चा झालेली असते, लष्कराची मुळीच झालेली नसते.

माझे मत विचाराल तर, वेस्ट पॉइंटचे दार कायमचे बंद झाले तरी एखाद्या साध्या राज्य विद्यापीठात राखीव अधिकारी प्रशिक्षण घेऊन जो लष्करातच जाणार, त्याने हे वर्ष निःशंक स्वीकारावे. ज्याला केवळ त्या संस्थेचे नाव हवे आहे, त्याने आभारपूर्वक नाकारावे, कारण त्याच्या बाबतीत गणित सुधारल्याने काहीच सुटणार नाही. या दोहोंपैकी आपला मुलगा कोणता, हे बैठकीतील कोणासही ठाऊक नसते. पत्रात उत्तराची मुदत दिलेली असते आणि उत्तर उमेदवाराचेच ग्राह्य धरले जाते. तेव्हा त्याला माडीवरून खाली बोलवावे.